जिम्नी लांबच्या प्रवासाला सज्ज करताना : आधी वजनकाटा, मग दुकान

फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणारी गाडी) घेतल्यावर पहिल्या महिन्यात माणूस ज्या वस्तूंवर पैसे उडवतो, त्यांतल्या बहुतेक लांबच्या कच्च्या रस्त्यावर एकतर कामाला येत नाहीत, नाहीतर नुसतं ओझं होतात. टपावरचं कॅरियर, एलईडीची लांब पट्टी, लोखंडी बंपर, बंपरवर विंच (रुतलेली गाडी ओढून काढणारी दोराची मोटर). गाडी झकास दिसते, यात वाद नाही. पण इथे सांगणार आहे ते वेगळं आहे. दोन माणसं, दोन-अडीच आठवडे, पुण्याहून निघून शिमला, किन्नौर, स्पितीतलं काझा, कुंझुमची खिंड, मनाली आणि परत, असा प्रवास धरून पाच दरवाजांची मारुती जिम्नी कशी तयार करायची, ते क्रमाने पाहू. तुमच्याकडे थार, रॉक्स किंवा जुनी जिप्सी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

जिम्नी मुद्दाम घेतली आहे. हलकी शिडी-चासी (शिडीच्या आकाराचा लोखंडी सांगाडा), पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर), एवढं कंपनीच देते. दरीखोऱ्यात जायला लागणारं मूळ भांडवल तिच्याकडे आहे. नाही ती जास्तीची वजन पेलण्याची ताकद. म्हणूनच तिच्यावर सामान चढवताना केलेला हावरटपणा लगेच उघडा पडतो. मोठ्या गाडीत तो थोडा उशिरा कळतो, एवढंच.

वजनाचा हिशेब

जिम्नीचं मोकळं वजन साधारण ११९५ ते १२१० किलो. सगळं धरून कमाल मंजूर वजन १५४५ किलो. म्हणजे माणसं, सामान आणि नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू मिळून तुमच्या हातात ३३५ ते ३५० किलो आहेत. कमीचा आकडा धरून चाला.

दोन माणसांचे दीडशे किलो गेले. उरले १८५. आता अंदाजे मांडणी अशी:

रिकव्हरीचं (रुतलेली गाडी काढायचं) सामान १२ किलो
कंप्रेसर आणि पंक्चर किट ५
पाने, जास्तीचा जॅक, सुटे भाग १५
पाणी २० लिटर, म्हणजे २०
कॅनमधलं पेट्रोल १० लिटर, कॅनसकट १०
तंबू, गाद्या, स्लीपिंग बॅग, खुर्च्या २५
कपडे २५
शिधा, स्टोव्ह, भांडी २०

बेरीज १३२. उरले ५३ किलो. त्यात गाडीखाली संरक्षक पत्रा बसवला तर आणखी वीसेक जातात. आता टपावरच्या तंबूची जाहिरात पुन्हा बघा. तो तंबू ४५ ते ७० किलोचा असतो, कॅरियर वेगळं. शिवाय परदेशात मिळणाऱ्या तीन दरवाजांच्या जिम्नीच्या टपासाठी सुझुकीने चालत्या गाडीत ३० किलोची मर्यादा दिली आहे. जमिनीवर लावायचा दोघांचा चांगला तंबू चार-पाच किलोत येतो. निर्णय मला तरी अवघड वाटत नाही.

आणि चार माणसं? त्यांचेच ३०० किलो. मग उरलेल्या पस्तीस किलोंत तंबू-चूल बसत नाही. चौघांनी जायचं तर होमस्टेंचा प्रवास आखा किंवा दुसरी गाडी घ्या.

कागदावरचा हिशेब झाला की काट्यावर जा. हायवेला ट्रकवाल्यांसाठी, मार्केट यार्डात, साखर कारखान्याबाहेर वजनकाटे असतात; नाममात्र पैशात पावती मिळते. दोन फेऱ्या करायच्या. पहिली टाकी भरून, गाडी रिकामी असताना. दुसरी निघायच्या आधी, पूर्ण सामान आणि दोघंही आत बसून. दोन्ही फेऱ्यांत काटेवाल्याला सांगून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, आकडा लिहून घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती आलं ते कळतं. ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोंचा फरक असतो, तो चालतो. पुढचा आकडा रिकाम्या गाडीपेक्षा कमी झाला असेल तर सामान मागच्या चाकांच्याही मागे गेलंय असं समजा. अशी गाडी चढावर स्टिअरिंगला हलकी लागते आणि उताराला शेपूट हलवते.

वजनाचा मुद्दा इतका ताणायला आणखी एक कारण आहे. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन टर्बोशिवायचं आहे. कुंझुमच्या खिंडीत, साडेचार हजार मीटरच्या वर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असते. खाली १०३ बीएचपी देणारं इंजिन तिथे पासष्टच्या घरात येतं. त्या पासष्टवर तुम्ही काय काय चढवलंय, ते पहिल्याच वळणावर कळतं.

आधी सर्व्हिस, तीही खालून

नवं काही बसवण्याआधी आहे ते धड करा. नेहमीच्या सर्व्हिसमध्ये इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी धुऊन देतात. आपल्याला हवं ते वेगळं. दोन्ही डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधले, डाव्या-उजव्या चाकाला जोर वाटणारे गोळे) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणारी पेटी) यांचं ऑइल उघडून बघायला सांगा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. बदलायचंच, आणि सील कुठून गळतंय तेही शोधायचं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ती ओल उकळून पेडल खाली जातं. चाकांची बेअरिंगं, स्टिअरिंगचे टाय रॉड, पुढच्या अ‍ॅक्सलची नकल सील, शॉकअपचे बुश, रेडिएटरचे पाइप आणि क्लिपा, सगळं रॅम्पवर उभं राहून स्वतः बघा. मेकॅनिकला याचं वाईट वाटत नाही. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक त्याला उलट आवडतं.

बघताना अ‍ॅक्सलचे ब्रीदर पाइप (आतली हवा आत-बाहेर करणारे) कुठे संपतात तेही पाहून ठेवा. तापलेला अ‍ॅक्सल बर्फाच्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. पाइपचं तोंड उंच, बॉनेटच्या आसपास असेल तर ती हवा ओढते. खाली असेल तर नाला. दोन-तीन मीटर रबरी पाइप आणि क्लिपा, एवढ्यात काम होतं. स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा टपाच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीच्या) आधी हे करा.

टायर आणि हवा

ज्याच्यावर हात सैल सोडावा अशी एकच गोष्ट आहे, ती टायर. कंपनीचे १९५/८० आर १५ टायर हायवे जातीचे. डांबरावर छान, पण त्यांच्या बाजू पातळ, आणि स्पितीतल्या धारदार दगडांवर टायर बाजूलाच फाटतो. तिथे पंक्चर काढणाऱ्याचा इलाज चालत नाही. म्हणून ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा). मड टेरेन (चिखलासाठीचा) नको. तो डांबरावर घोंघावतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांबवतो आणि जड असतो.

माप? तेच १९५/८० ऑल टेरेनमध्ये मिळालं तर डोळे झाकून घ्या. पुष्कळजण २१५/७५ आर १५ घालतात. त्याचा व्यास ६९३ वरून साधारण ७०३ मिलिमीटर होतो, म्हणजे दीड टक्क्याचा फरक. स्पीडोमीटर फारसा खोटं बोलत नाही. २३५/७५ घातलात तर फरक सहा टक्क्यांच्या जवळ जातो, टायर आत घासतो, मग गाडी उचलावी लागते, इंजिनवर जोर येतो आणि एक खर्च पुढच्या तीन खर्चांना घेऊन येतो. स्टेपनीसुद्धा त्याच मापाची आणि त्याच जातीची हवी. फोर बाय फोर लावलेलं असताना वेगळ्या व्यासाचं एक चाक ट्रान्सफर केसला पिळून काढतं.

खरी जादू मात्र टायरमध्ये नाही, हवेत आहे. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा मुख्यतः लांब होतो. तो दगडावर आपटण्याऐवजी दगडाला वळसा घालतो. डांबरावर दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवा, साधारण २६ पीएसआय. दगडगोट्यांच्या लांब रस्त्यावर २० ते २२. खोल वाळूत किंवा भुसभुशीत मातीत १५ पर्यंत. त्याच्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटण्याची भीती. पंधरावर असताना ताशी तीसच्या वर जायचं नाही, आणि डांबर लागलं की पहिलं काम हवा भरण्याचं.

उंचावर गेल्यावर टायर फुगतात म्हणून लोक काझ्यात घाईघाईने हवा सोडतात. हिशेब करून बघा. पुण्यात तीस अंशांत २६ भरली असेल तर काझ्यात पहाटे पाच अंशांत गेज सत्तावीस-अठ्ठावीस दाखवेल. बाहेरचा हवेचा दाब घटल्याने आकडा वाढतो, थंडीने तो परत खाली येतो. पहाटे, थंड टायरवर मोजा, म्हणजे घोळ होत नाही.

कंप्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. डॅशबोर्डच्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो; चार टायर भरणारा कंप्रेसर त्याहून जास्त ओढतो. भरताना इंजिन चालू ठेवा. सोबत स्वतंत्र गेज, व्हॉल्व्हचा पाना, जास्तीचे व्हॉल्व्ह, ट्यूबलेसच्या रबरी वाती आणि त्या घुसवायची सुई. ही सुई टी आकाराच्या लोखंडी दांड्याची घ्या. प्लॅस्टिकच्या मुठीची सुई ऑल टेरेनच्या जाड रबरात अर्ध्यावर मोडते आणि मूठ हातात येते. वात घालायची पद्धत घरी जुन्या टायरवर करून बघा: भोक कानशीने साफ, वात निम्मी आत, झटक्यात सुई बाहेर, उरलेलं टोक कापायचं.

रुतलेली गाडी काढायचं सामान

इथे शिकायच्या दोन गोष्टी. एक, रुतणं हा अपघात नसतो, पण ओढून काढताना अपघात होतात. दोन, सगळ्यात स्वस्त रिकव्हरी म्हणजे फावडं.

म्हणून फावडं आधी घ्या. दुमडता येणारं लष्करी पद्धतीचं पुरे, पण पातं जाड हवं. चाकांच्या पुढची माती काढली, हवा पंधरावर आणली, फोर लो (चारही चाकं आणि लो रेंज) लावलं, तर बहुतेक वेळा गाडी स्वतःच बाहेर येते. जिम्नीत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवण्याची सोय आहे. ती चालायला अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरावा लागतो. पाय सोडत-दाबत राहिलात तर ती गोंधळते आणि तुम्ही खड्डा खोल करता.

त्यानंतर ट्रॅक्शन बोर्डची जोडी. दातेरी, नायलॉनचे. चाकाखाली घट्ट सारून हळू चढायचं. बोर्डवर चाक गरागरा फिरवलंत की दाते वितळतात आणि त्याचं घसरगुंडीत रूपांतर होतं.

मग दोर. दुसऱ्या गाडीने ओढताना साधी टोचनची साखळी किंवा वायर रोप वापरू नका. झटक्याला ती ताणली जात नाही, काहीतरी तुटतं. ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा हवा. त्याची तुटण्याची ताकद दोघींतल्या हलक्या गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीनपट. जिम्नीसाठी साडेचार-पाच टन. दुकानदार आठ-नऊ टनांचा पट्टा गळ्यात मारतो, 'मजबूत आहे साहेब' म्हणून. जड एसयूव्हीसाठी तो ठीक आहे. जिम्नीच्या वजनाने तो ताणलाच जात नाही, म्हणजे साखळीसारखाच वागतो.

दोर कुठे बांधायचा, हा प्रश्न दोरापेक्षा मोठा. चासीला बोल्टने घट्ट बसवलेला, ताकद लिहिलेला रिकव्हरी पॉइंटच. गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठीची कडी वेगळी आणि झटक्याचा जोर घेणारी कडी वेगळी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणती कशासाठी ते बघा. मागे ट्रेलरचा गोळा लावलेला असेल तर त्याला कधीही दोर अडकवू नका. तो तुटला की गोळीसारखा काचेतून आत येतो. जगभर माणसं यात गेली आहेत. जोडायला दोराचे सॉफ्ट शॅकल (दोरापासूनच केलेल्या कड्या) वापरा, हलके असतात आणि तुटले तरी लोखंड उडत नाही. ओढताना दोरावर मधोमध जाड ओलं पोतं किंवा ब्लँकेट टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. गावात शंभर हात मदतीला येतात, तेव्हा हे मोठ्याने आणि न लाजता सांगावं लागतं.

जॅकचं विसरू नका. कंपनीचा जॅक मऊ मातीत स्वतःच खाली जातो. एक फूट बाय एक फूट, १८ मिलिमीटर जाड प्लायचा तुकडा सुताराकडून कापून घ्या. सोबत दोन टनांचा बाटली जॅक. चित्रपटात शोभणारा उंच हाय-लिफ्ट जॅक जिम्नीला लावायचा कुठे? प्लॅस्टिकच्या बंपरला? दुकानातच राहू द्या.

विंचबद्दल थोडक्यात: विंच, तिचं लोखंडी बंपर आणि वायरिंग मिळून पन्नास-साठ किलो, तेही सगळं पुढच्या चाकांच्या पुढे. एकट्याने जंगलवाटा तुडवणाऱ्याला ती लागेल. स्पितीला जाताना दोन गाड्यांनी जा, ते जास्त उपयोगी.

सामान रचणं आणि बांधणं

मागची सीट पाडली की ३३२ लिटरची जागा मिळते. सुताराकडून प्लायचे सरकते खण करून घेण्याचा मोह होतो. दिसायला सुरेख, पण बारा मिलिमीटर प्लाय, रेल आणि कब्जे धरून तीस-चाळीस किलो. आपल्याकडे उरलेत तेहतीस. त्याऐवजी झाकणाचे मजबूत प्लॅस्टिक क्रेट घ्या, तीन किंवा चार, एकाच उंचीचे. एकात स्वयंपाक, एकात हत्यारं, एकात रिकव्हरी. रिकव्हरीचा क्रेट मागच्या दाराशी, सगळ्यात वर. रुतलेल्या गाडीत, पावसात, तंबू आणि पिशव्या चिखलात काढून ठेवल्याशिवाय दोर हाती लागत नाही, ही वेळ येऊ नये.

जड ते खाली आणि पुढच्या सीटच्या पाठीला टेकून: पाणी, (पेट्रोल सोडून) इतर द्रव पदार्थ, हत्यारं. हलकं ते वर आणि मागे. प्रत्येक क्रेट चासीला किंवा सीटच्या बोल्टला पक्क्या केलेल्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने बांधा. इलॅस्टिकच्या हुकाच्या दोऱ्या नकोत. ताशी साठला जोरात ब्रेक लागला तर न बांधलेला पंधरा किलोंचा क्रेट सीटवरून येऊन मानेवर बसतो. वर जाळी लावली तर आणखी बरं.

बांधून झालं की गाडीत बसून आरशात बघा. मागची काच दिसत नसेल तर सामान जास्त झालंय.

पेट्रोल आणि पाणी

जिम्नीची टाकी ४० लिटरची. पहाडात, सामान भरून, लिटरला दहा धरा. किन्नौरमध्ये रेकाँग पिओजवळ पोवारीला पंप आहे, तिथून काझा सुमारे २०० किलोमीटर, काझ्यात पंप आहे, पुढे मनाली आणखी सुमारे २००. म्हणजे स्पितीच्या फेऱ्यासाठी टाकी पुरते. दहा लिटरचा कॅन नेतो तो पूल वाहून गेला आणि उलटं फिरावं लागलं तर, किंवा काझ्याच्या पंपावर टँकर आला नसेल तर. मनालीहून लेहला जाणार असाल तर गणित बदलतं: लाहौलमध्ये तांडीच्या पंपानंतर पुढचा भरवशाचा पंप लेहच्या अलीकडे कारूला, मधे सुमारे ३३० किलोमीटर. तिथे वीस लिटर न्या.

कॅन लोखंडीच. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येतं, पण घट्ट बुचाच्या धातूच्या भांड्यात, आणि एका भांड्यात २५ लिटरपेक्षा जास्त नाही. पाण्याच्या निळ्या प्लॅस्टिक कॅनमध्ये पेट्रोल हा शुद्ध आत्मघात आहे. वास आतल्या आत कोंडतो, स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. कॅन काठोकाठ भरू नका. वर चढताना बाहेरचा दाब घटतो आणि कॅन फुगतो. पहिली संधी मिळताच ते पेट्रोल टाकीत ओता, रिकामा कॅन वागवणं सोपं.

पाणी दहा-दहा लिटरच्या दोन कॅनमध्ये. एक फुटला तरी एक राहतो, आणि भरलेला दहाचा कॅन दमलेल्या माणसालाही उचलवतो.

वीज

फ्रिज पाहिजेच का, हे आधी ठरवा. राजस्थान-कच्छला ठीक. स्पितीत रात्री बाहेर ठेवलेलं दूध आपोआप थंड राहतं.

फोन, कॅमेरा, दिवे यांना बारा व्होल्टचा एक स्वतंत्र सॉकेट मागे काढून घेतला की झालं. पण तो नीट काढायचा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा, सॉकेटजवळ नव्हे. मधे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग वायरलाच लागते. दुसरं, वायरची जाडी. बॅटरीपासून मागच्या दारापर्यंत चार मीटर, परतीची धरून आठ. त्यातून १५ अँपिअर नेले तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास ०.८ व्होल्ट वाटेतच संपतात. सहा चौरस मिलिमीटरमध्ये साधारण ०.३५. फ्रिज 'कमी व्होल्टेज' म्हणून सारखा बंद पडतो, त्याचं कारण फ्रिज नसतो, ही वायर असते. कंपनीच्या हार्नेसला (मूळ वायरिंगला) कुठेही टॅप मारू देऊ नका. वॉरंटीचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

संपर्कासाठी गाड्यांमध्ये वॉकी-टॉकी उपयोगी. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय चालतात, बाकीचे नाही. परदेशातून कुणी आणून दिलेला सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर मात्र सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. सीमेजवळच्या जिल्ह्यांत हे अंगावर येतं.

गाडी उचलायची का? आणि कायदा

बहुतेकांना लिफ्ट हवी असते ती फोटोसाठी. जिम्नीला २१० मिलिमीटरचा क्लिअरन्स आहे. गाडी पन्नास मिलिमीटर उचलली तरी अ‍ॅक्सलचा गोळा जमिनीपासून तितकाच राहतो. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. उलट पुढच्या चाकांचा कास्टर कोन (चाक सरळ धरून ठेवणारा कल) बिघडतो, पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सल आडवा जागेवर धरणाऱ्या दांड्यामुळे) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, आणि ताशी सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागतं. कायम भरलेली गाडी मागून बसत असेल तर मागे जरा कडक स्प्रिंग आणि चांगले शॉकअप घाला, मूळ उंची राखणारे. त्यापेक्षा ट्रान्सफर केसखाली पत्रा बसवलेला बरा. मागच्या ट्रेलिंग आर्मचे (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट आणि शॉकअपची खालची टोकं जिम्नीत खाली लोंबतात. दगड ओलांडताना नजर तिथे ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बंपरच्या पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना काढायला लावले. पादचाऱ्याला ते मारतातच, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणतात. जे काही बसवाल ते विमा कंपनीला लेखी कळवा. या लेखातल्या बहुतेक वस्तू गाडीत ठेवायच्या आहेत, गाडीला जोडायच्या नाहीत, हा यातला फायदा.

निघण्याआधीची फेरी

निघायच्या तीन-चार आठवडे आधी, पूर्ण भरलेल्या गाडीने दोन दिवसांची फेरी करा. पुण्या-मुंबईच्या आसपास पैसे देऊन चालवता येतील असे खासगी ऑफ-रोड ट्रॅक आहेत, तिथे जा. वनखात्याची जमीन, कासचं पठार किंवा कुणाचं भातखाचर ही सरावाची जागा नाही. समुद्रकिनारा तर नकोच. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, कोकणातही पोलीस उचलतात, आणि भरतीच्या वेळी रुतलेल्या गाडीला कायनेटिक दोरही वाचवत नाही.

या फेरीत सगळं एकदा प्रत्यक्ष करायचं. एक चाक काढून बसवा, स्टेपनी लावा. हवा पंधरावर आणा, पाच किलोमीटर चालवा, परत भरा आणि कंप्रेसरला किती वेळ लागतो बघा. थांबून, न्यूट्रलमध्ये फोर लो घाला-काढा. कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळवू नका. मधे डिफरन्शियल नाही, सगळं आखडतं. एक छोटा ओढा ओलांडा, पण आधी चालत जाऊन. तिकडे कुंझुम ओलांडल्यावर लाहौलमध्ये छतडूच्या बाजूचे नाले बर्फाच्या पाण्यावर चालतात. सकाळी लवकर गुडघ्याखाली असलेलं पाणी दुपारी मांडीला येतं. म्हणून तो टप्पा पहाटे उठून पार करायचा. पाण्याची पातळी चाकाच्या मध्याच्या वर दिसली तर जिम्नीने थांबावं आणि ट्रकची वाट बघावी.

परत आल्यावर गाडी रिकामी करा आणि प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघा. ज्या वस्तूला दोन दिवसांत हात लागला नाही, ती बाजूला काढा. त्यातून फक्त अग्निशामक, प्रथमोपचार, पट्टे आणि सुटे भाग परत ठेवा. चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, टायर बदलल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते सैलावतात. संरक्षक पत्र्याचे, रिकव्हरी पॉइंटचे आणि शॉकअपचे बोल्ट बघा. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढे काझ्यात सकाळी गाडीखाली डोकावलं की कोणता फिरलाय ते पाना न लावता दिसतं.